आंबील आणि सुरा : एका सीमारेषेचा इतिहास

धान्याचे पीठ, पाणी, एक भांडे आणि दोन-तीन दिवसांचा अवधी एवढ्या सामग्रीतून मनुष्याने दोन प्रकारची पेये निर्माण केली. त्यांतील एक आंबट आहे आणि दुसरे मादक. पहिले घरातील लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्वांना वाढले जाते, देवाला दाखवले जाते आणि शेतात शिंपडले जाते; दुसऱ्यासाठी राजाला अध्यक्ष नेमावा लागला, स्मृतिकारांना प्रायश्चित्ते सांगावी लागली आणि आधुनिक काळात कायदे करावे लागले. या दोन पेयांची सुरुवात एकाच क्रियेतून होते ही गोष्ट रसायनशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. परंतु ती जेथे एकमेकांपासून अलग होतात त्या जागेचा इतिहास शब्दांत किती स्पष्टपणे उमटलेला आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. प्रस्तुत निबंधात लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ परिसरातील येळवसाचे आंबील हा आधार धरून त्या जागेचा शोध घ्यावयाचा आहे.

येळवस हा सण लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत आणि नांदेडच्या काही भागांत मार्गशीर्ष अमावास्येला होतो. उर्वरित महाराष्ट्राला तो जवळजवळ अपरिचित आहे. या वेळी रब्बीची ज्वारी उभी असते, हरभरा घाट्यांवर येऊ लागलेला असतो आणि तूर काढणीकडे झुकलेली असते. शेतात कडब्याची कोप उभारतात, तीत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून त्यांची पूजा करतात, आणि घरून आणलेली भज्जी, उंडे, खिचडा व आंबील यांचा नैवेद्य दाखवून सर्वजण शेतातच जेवतात. आंबील ज्या भांड्यातून शेतावर नेतात त्याला बिंदगे म्हणतात. हा कन्नडमधील ‘बिंदिगे’च होय. आंबिलाची सिद्धता दोन-तीन दिवस आधीपासून चालू होते. ज्वारीचे पीठ अथवा कण्या ताकात भिजवून ठेवतात, आंबल्यावर शिजवतात, पुन्हा ताक घालून पातळ करतात आणि लसूण, जिरे, मीठ, आले, कोथिंबीर यांनी चव आणतात. काही घरी आधी शिजवून मग आंबवतात. क्रम बदलला तरी ज्वारी, ताक आणि काळ ही त्रयी बदलत नाही. मार्गशीर्षातील थंडीत आंबण्याची गती मंद असते, म्हणून भांडे चुलीच्या उबेला ठेवण्याचा प्रघात आहे.

सणाच्या नावाविषयी एक गैरसमज रूढ आहे. छापील मराठीत ‘वेळा अमावस्या’ असे लिहिले जाते आणि त्यातील ‘वेळा’ या पदाचा काही तरी अर्थ लावण्याचा प्रयत्न होतो. वस्तुतः मूळ शब्द कन्नड ‘एळ्ळ अमावास्ये’ हा आहे. कन्नडमध्ये ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. म्हणून ही तिळाची अमावास्या. बीदर, कलबुर्गी, विजयपूर या भागांत याच दिवशी याच नावाने हा सण होतो. मराठीच्या या बोलीत आद्य ‘ए’ला यकार लागून ‘येळ’ झाले, आणि अमावास्येचे ‘अवस’ हे तद्भव रूप तर मराठीत ‘अवस-पुनव’ या जोडीत सर्वत्र आहे. येळ आणि अवस मिळून येळवस. पुढे शिक्षितांनी असे मानले की ज्याप्रमाणे ग्रामीण माणूस ‘वेळ’ला ‘येळ’ आणि ‘वेडा’ला ‘येडा’ म्हणतो, त्याचप्रमाणे ‘येळवस’ हेही ‘वेळ’चेच अपभ्रष्ट रूप असावे, आणि त्यांनी ते ‘शुद्ध’ केले. न बिघडलेला शब्द दुरुस्त करण्याचे हे चांगले उदाहरण होय. या भागातील कन्नडचा थर आश्चर्यकारक नाही. शिरूर, लातूर या ग्रामनामांतील ‘ऊर’ हे पद कन्नडच आहे. शिवाय शिरूर अनंतपाळ ज्या निलंगा तालुक्यात होते तो तालुका १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यातील बीदर जिल्ह्याचा भाग होता. त्यानंतर तो उस्मानाबादकडे आला, १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला आणि १९९९ मध्ये शिरूर अनंतपाळ हा स्वतंत्र तालुका झाला. प्रशासनाच्या सीमा अशा तीनदा हलल्या. बिंदगे मात्र जागच्या जागी राहिले.

‘आंबील’ हा शब्द मात्र संस्कृत-प्राकृत परंपरेतला आहे. संस्कृत ‘अम्ल’चे पाली आणि प्राकृतात ‘अंबिल’ होते. त्यात म्-ल् या संयोगामध्ये बकार आणि स्वर शिरलेला आहे. कन्नड व तेलुगू ‘अंबली’ यांचा या रूपाशी असलेला संबंध उघड आहे. वीरशैव परंपरेत मादार चन्नय्याची एक कथा सांगतात. करिकाल चोळ राजाने अर्पण केलेले पक्वान्न शिवाने सेवन केले नाही, कारण त्याच्या आधी त्याने या चर्मकार भक्ताच्या घरची अंबली घेतली होती. कथेचा धार्मिक आशय बाजूला ठेवला तरी अंबलीचे सामाजिक स्थान तीतून नेमके कळते : ती गरिबाच्या घरची नित्याची गोष्ट होती आणि देवाला चालत होती. कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेची ‘आंबील यात्रा’ही मार्गशीर्षातच भरते, हे जाता जाता नोंदवावयास हवे.

आता क्रियेकडे वळू. धान्यात साखर फारशी नसते, पिष्ट असते. मद्य निर्माण करणारे यीस्ट पिष्टावर जगू शकत नाही. त्याला साखर लागते. त्यामुळे धान्याचे मद्य करावयाचे तर आधी पिष्टाची साखर करणे प्राप्त होते. तसे करण्याचे प्रमुख मार्ग दोन. धान्याला मोड आणले की अंकुरणाऱ्या दाण्यात पिष्टभेदक द्रव्य तयार होते. युरोपातील बिअरचे बार्लीचे माल्ट म्हणजे हेच. दुसरा मार्ग बुरशीचा : विशिष्ट बुरशी पोसलेल्या पिठाच्या वड्या शिजवलेल्या धान्यात मिसळावयाच्या. पूर्व आशियात आणि हिमालयाच्या पायथ्याशी हा मार्ग रूढ आहे. आंबिलात या दोहोंपैकी काहीच नसते. पिठातील थोडीशी मूळची साखर आणि ताकातील दुग्धशर्करा यांवर दुग्धाम्लाचे जंतू वाढतात, आंबटपणा वाढतो, आणि त्या आंबटपणामुळे सडवणारे जंतू मागे हटतात. यीस्ट आले तरी त्याला खाद्य अल्प. पुढे शिजवण्याने तेही संपते. म्हणून आंबील चढत नाही.

घरी प्रथमच धान्य आंबवू पाहणाऱ्याची खरी अडचण वेगळीच असते. दुसऱ्या घाण्याला पहिल्याचा अवशेष उपयोगी पडतो. भांड्याच्या भिंतींतही तो मुरलेला असतो. पण पहिल्या घाण्याला आंबवणारे द्रव्य आणावयाचे कोठून? नुसते पीठ-पाणी उघडे ठेवले तर आरंभी त्यात नको असलेल्या जंतूंचीच गर्दी होते, दुर्गंधी येते, आणि बऱ्याच वेळाने आम्लजनक जंतू वरचढ होतात. कित्येकदा होतही नाहीत. बव्हेरियात २३ एप्रिल १५१६ रोजी जो प्रसिद्ध बिअरविषयक आदेश निघाला त्यात बार्ली, हॉप आणि पाणी या तीनच वस्तूंची नावे आहेत. यीस्टचे नाव नाही. ते आधीच्या पिंपातून येत असे, आणि ते एक सजीव द्रव्य आहे हे पटवून देण्यास पाश्चर यावा लागला. त्याचा दुग्धाम्ल आंबण्यावरील निबंध १८५७ चा आणि बिअरवरील ग्रंथ १८७६ चा. शुद्ध यीस्टची वाढ कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेनने १८८३ मध्ये साधली. तोवर पहिला घाणा म्हणजे शेजाऱ्याची कृपा किंवा दैव. शिरूर अनंतपाळच्या गृहिणीपुढे ही अडचण नसते. तिच्या घरी ताक असते. आणि ताक म्हणजे काल, परवा आणि त्यापूर्वी अनेक वर्षे चाललेल्या विरजणाचा वारसा. आंबिलाचा पहिला घाणा खऱ्या अर्थाने पहिला कधीच नसतो.

प्राचीन भारतीयांनी हीच अडचण मद्याच्या बाजूने कशी सोडवली हे पाहण्यासारखे आहे. यजुर्वेदातील सौत्रामणी यागात सुरा लागते. तिची सामग्री वाजसनेयी संहितेच्या एकोणिसाव्या अध्यायात आणि कात्यायन श्रौतसूत्रात येते : शष्प, तोक्म, लाज, नग्नहू आणि मासर. भाष्यकारांच्या मते शष्प म्हणजे मोड आलेले भात, तोक्म म्हणजे मोड आलेले यव, लाज म्हणजे लाह्या. अर्थात माल्टचे तत्त्व येथे पूर्णपणे अवगत होते. नग्नहू हे आंबवणारे द्रव्य. ते अनेक वनस्पतींच्या चूर्णांचे असे. सुरा तीन रात्री ठेवीत. या सर्व विधीचा सविस्तर अभ्यास पुण्याच्या माधवी भास्कर कोल्हटकर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात केलेला आहे. भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष मात्र ‘मासर’ या पदाकडे जाते. भाताच्या आणि श्यामाकाच्या ओदनाचा ‘आचाम’, म्हणजे वरची पेज, काढून तीत शष्पादींचे चूर्ण मिसळले की मासर होतो. आता जैनांच्या ‘आयंबिल’ या व्रताकडे पाहावे. या अर्धमागधी शब्दाचे मूळ ‘आचामाम्ल’ असे सांगतात : आचाम आणि अम्ल, म्हणजे आंबट पेज. एकच आचाम एका बाजूस इंद्राच्या सुरेत उतरला आणि दुसऱ्या बाजूस निरसाहाराच्या तपश्चर्येत. (आजच्या आयंबिलात दूध, दही, तूप, तेल, गूळ वर्ज्य असतात, अम्ल नावात उरले, ताटातून गेले.) भांड्यातील पेज एकच असून तिला पुढे कोणते द्रव्य भेटते यावर तिची गती ठरते, हे या दोन शब्दांतून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून होईल.

अमरकोशाची मांडणी याच दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. कांजीचे पर्याय त्याने वैश्यवर्गात, अन्नपदार्थांच्या ओघात दिले आहेत : आरनाल, सौवीर, कुल्माष, अभिषुत, अवन्तिसोम, धान्याम्ल, कुंजल. सुरेचे पर्याय शूद्रवर्गात आहेत, आणि तेथेच संधान, अभिषव, किण्व, नग्नहू, कारोत्तर ही मद्यनिर्मितीची परिभाषा आहे. म्हणजे कोशकाराच्या मनात आंबट पेय हे अन्न आणि मादक पेय हा एका विशिष्ट वर्गाचा व्यवसाय, अशी विभागणी पक्की झालेली आहे. परंतु शब्दांनी ही विभागणी पाळलेली नाही. ‘अभिषुत’ आणि ‘अभिषव’ एकाच धातूचे. हा धातू मुळात सोम पिळण्याचा. तो एकीकडे कांजीला आणि दुसरीकडे मद्याच्या संधानाला लागला. ‘अवन्तिसोम’ या नावात तर थट्टाच दिसते : अवन्तीचा सोम म्हणजे आंबवलेली पेज. कोणत्या तरी विनोदी माणसाने दिलेले नाव कोशात जाऊन गंभीर झाले असावे.

आंबट आणि मादक यांच्यामधील भेद कोठे आहे याविषयी दार्शनिकांनीही विचार केला होता, तो निराळ्या कारणाने. देहाहून वेगळा आत्मा न मानणारे लोकायतिक असा दृष्टान्त देत की किण्वादी द्रव्यांपैकी कोणत्याही एकात मद नसतो, त्यांच्या संयोगातून तो उत्पन्न होतो. तद्वत् महाभूतांच्या संयोगातून चैतन्य. आत्म्याविषयी त्यांचे प्रतिपादन कसेही असो, त्यांनी सुराकाराचे भांडे नीट पाहिले होते यात शंका नाही. प्रतिपक्षाने सिद्धान्त खोडला, दृष्टान्तातील वस्तुस्थिती मात्र नाकारली नाही.

धर्मशास्त्राची भूमिका अधिक व्यवहारी आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरा हा अन्नाचा मल ठरवून तिचे गौडी, पैष्टी व माध्वी असे तीन प्रकार सांगितले आहेत आणि तिन्ही द्विजोत्तमांना निषिद्ध केले आहेत. हा भाग सर्वपरिचित आहे. पाचव्या अध्यायातील शुक्तविचार तितका परिचित नाही. शुक्त म्हणजे आंबून आंबट झालेली वस्तू. मनूने आधी सर्व शुक्ते अभक्ष्य ठरवली आणि लगेच पुढच्या श्लोकात अपवाद दिला : शुक्तांपैकी दही आणि दह्यापासून झालेले सर्व भक्ष्य, तसेच शुभ पुष्पे, मुळे व फळे यांपासून केलेले. आंबणे म्हणजे बिघडणे, ही भीती मूळ नियमात आहे. दही आणि त्यापासून झालेले पदार्थ त्या भीतीतून मुक्त आहेत. ताकात आंबवलेले ज्वारीचे पीठ शास्त्राच्या काटेकोर अर्थाने दधिसंभव ठरते की नाही हा वाद टीकाकारांकडे सोपवावा. येळवसाचा शेतकरी मनूला विचारून पीठ भिजवीत नाही. परंतु स्मृतीने जो अपवाद नोंदवला तो लोकांच्या अनुभवातूनच आलेला असला पाहिजे : ज्या आंबण्याची सुरुवात ताकाने होते ते बिघडत नाही आणि चढतही नाही. पहिल्या घाण्याची तांत्रिक सुरक्षितता आणि त्याची धार्मिक निर्दोषता येथे एकाच वस्तूवर येऊन ठरतात.

कौटिल्य या साऱ्याकडे राजाच्या कोशाच्या दृष्टीने पाहतो. आर. शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रकाशात आणलेल्या आणि मुंबई विद्यापीठासाठी रा. प. कंगले यांनी १९६० मध्ये चिकित्सक रीतीने संपादिलेल्या अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाचा अध्याय (अधिकरण दुसरे, अध्याय पंचविसावा) मद्यनिर्मितीचा अत्यंत नेमका दस्तऐवज आहे. ‘मेदक’ या प्रकारासाठी एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व सांगितले आहे. द्रोणाचे सोळा प्रस्थ आणि अर्ध्या आढकाचे दोन. म्हणजे किण्व तांदळाच्या दीडपट! किण्वाची कृतीही आहे : उडदाचा कच्चा अथवा शिजवलेला लगदा, त्यात तृतीयांश अधिक तांदूळ, आणि मोरटादी वनस्पतींचा कर्ष-कर्ष भाग. बव्हेरियाच्या आदेशात ज्या द्रव्याला नाव नाही त्याचे येथे माप आहे. सुरा आणि किण्व यांसंबंधीचे किरकोळ काम स्त्रिया व मुले यांच्याकडे दिलेले आहे. हे सर्व राजाच्या नियंत्रणाखाली. पण याच अध्यायात एक वाट मोकळी ठेवलेली आहे : कुटुंबवत्सल गृहस्थांना कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा आहे, आणि उत्सव, समाज व यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची मोकळीक आहे. एवढ्या कठोर राज्यतंत्रालाही सणाच्या दिवशी घरातल्या भांड्यावर पहारा ठेवता येत नाही, किंवा ठेवणे शहाणपणाचे वाटत नाही, हे या सूत्रातून दिसते.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. कौटिल्याच्या श्वेतसुरेपासून येळवसाच्या आंबिलापर्यंत सरळ रेषा ओढण्याचा मोह कोणासही होईल. तो टाळला पाहिजे. वैदिक सुरा भाताची आणि यवाची, कौटिल्याची तांदूळ-उडदाची. ज्वारी मूळची आफ्रिकेची. ती भारतात फार प्राचीन काळी आली खरी, पण या ग्रंथांत तिला स्थान नाही. मराठी ‘जोंधळा’ ज्या ‘यावनाल’ शब्दाशी जोडतात तो संस्कृतात उत्तरकालीन आहे. म्हणून ज्वारीच्या भांड्याचा भाऊबंद शोधावयाचा तर संस्कृत ग्रंथांपेक्षा ज्वारीच्या मूळ खंडाकडे जाणे अधिक योग्य.

दक्षिण आफ्रिकेतील ज्वारीची बिअर, जिला खोसा आणि झुलू भाषांत ‘उम्कोम्बोथी’ म्हणतात, ती दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात पीठ पाण्यात कालवून आंबट होऊ देतात. यात दुग्धाम्लाचेच जंतू काम करतात. मग ते शिजवतात. थंड झाल्यावर त्यात मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचे पीठ घालतात. येथून दुसरा टप्पा, आणि येथेच यीस्ट कामाला लागते. पहिला टप्पा म्हणजे शब्दशः आंबील होय. आंबवणे आणि शिजवणे येथपर्यंत शिरूर अनंतपाळची गृहिणी व नाताळची गृहिणी हातात हात घालून चालतात. नंतर एक ताक ओतते आणि दुसरी मोडांचे पीठ. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात सायनाइड उत्पन्न करणारे द्रव्य असते, कोवळ्या ज्वारीने जनावरे दगावतात हे मराठवाड्याच्या शेतकऱ्याला माहीत असते. पण म्हणूनच येथे ज्वारीचे मोड वापरले गेले नाहीत असे म्हणता येणार नाही. आफ्रिकेत तीच ज्वारी तोच दोष सांभाळून वापरली जाते.

त्या एका मुठीच्या पिठाने काय फरक पडतो हे नाताळच्या इतिहासात दिसते. तेथे १९०८ च्या कायद्याने नगरपालिकांना या बिअरचा मक्ता घेता येऊ लागला. डरबन शहराने तो घेतला, नगरपालिकेचे बिअरगृह उभारले आणि घरोघरी बिअर करून विकणाऱ्या स्त्रिया गुन्हेगार ठरल्या. बिअरगृहाच्या उत्पन्नातून शहरातील आफ्रिकी लोकांवरील नियंत्रणाचाच खर्च भागवला जाई. १९५९ च्या जूनमध्ये डरबनजवळील केटो मॅनर येथे स्त्रियांनी बिअरगृहांवर धडक मारली ती पोलिसांनी घरातील बिअर ओतून दिल्यानंतर. ज्वारीचे आंबट भांडे कोणत्याही सरकारने कधी ओतले नव्हते. मादक झाल्यावर तेच महसुलाचे आणि दडपशाहीचे साधन झाले.

आपल्याकडेही असेच घडले, वस्तू वेगळी. ‘आबकारी’ हा फारसी शब्द ‘आब’ आणि ‘कार’ यांचा, पाण्याचे काम. आणि या कामावर १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने सरकारची पकड बसली. १८९२ मध्ये ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांविषयी स्वतंत्र कायदा झाला. त्याचा रोख दारूवर नव्हता, दारू होण्यापूर्वीच्या फुलांवर होता. जंगलातील कातकरी-वारली यांच्या घरी अन्न म्हणून साठवलेली फुलेही त्यामुळे संशयित झाली. निजामाच्या राज्यात १३१६ फसलीचा (इ.स. १९०६-०७) आबकारी कायदा होता आणि शिंदी-ताडीचे उत्पन्न राज्याच्या मोठ्या आधारांपैकी एक होते. म्हणूनच १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडणे हा मराठवाड्यातील सत्याग्रहाचा एक कार्यक्रम झाला : झाड तोडले की निजामाच्या तिजोरीची एक धार तुटे. या दीर्घ संघर्षात आंबिलाचे नाव कोठेही येत नाही. त्यावर कर नव्हता, मक्ता नव्हता, बंदी नव्हती. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५९ मध्ये तो मराठवाड्याला लागू करण्यात आला. त्यातील ‘मद्य’ या संज्ञेची व्याप्ती इतकी विस्तृत आहे की बिअर-ताडीसह अल्कोहोल असलेला कोणताही द्रव तीत येतो. अक्षरशः घेतले तर आंबवलेल्या प्रत्येक भांड्यावर तिची छाया पडेल. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात ती व्याख्या ग्राह्य धरली. पण अल्कोहोलयुक्त औषधे व प्रसाधने बाळगण्यास आणि वापरण्यास मनाई करणाऱ्या तरतुदी त्या मर्यादेत अवैध ठरवल्या. औषधासाठी अरिष्ट करू द्यावे, हे कौटिल्याचे तारतम्य तेवीस शतकांनंतर न्यायालयाला पुन्हा मांडावे लागले असे म्हणण्याचा मोह होतो. अर्थशास्त्राच्या काळाविषयी मतभेद असल्याने ‘तेवीस’ हा आकडा हट्टाने धरू नये. आंबिलाचा प्रश्न न्यायालयापुढे कधी गेला नाही, आणि जाण्याचे कारणही नव्हते. आंबील म्हणजे मद्य नव्हे, हे कोणत्याही शिपायाला व्याख्येवाचून कळत होते.

ते कसे कळत होते, याचे उत्तर मराठीच्या क्रियापदांत मिळते. पीठ ‘आंबते’, दही ‘लागते’, लोणचे ‘मुरते’ : ही सारी अकर्मक क्रियापदे, वस्तूचे आपले आपण होणे सांगणारी. दारू मात्र ‘गाळतात’, ‘काढतात’, ‘पाडतात’. येथे कर्ता लागतो, आणि कर्ता आला की आरोपी आला. ‘दारू’ हा शब्दही पाहावा. फारसीत त्याचा अर्थ औषध. मराठीत तो मद्य आणि बंदुकीची दारू अशा दोन दिशांनी गेला, औषधाचा अर्थ मात्र मागे राहिला. या दोन गटांमध्ये ‘सडणे’ उभे आहे. मोहाची फुले किंवा गूळ सडवल्याखेरीज हातभट्टी पेटत नाही, आणि वृत्तपत्रांतील पोलिसी मराठीत या मधल्या अवस्थेला ‘रसायन’ म्हणतात. आयुर्वेदातील जराव्याधिनाशक रसायन ते पोलिसांनी ओतून टाकलेले गूळमिश्रित रसायन, ही अर्थच्युती कोशकारांनी अजून नीट नोंदवलेली नाही. आंबिलाला ‘सडणे’ कधीच लागत नाही. फसलेल्या आंबिलालाही ‘नासले’ म्हणतात, जसे दूध नासते. परिणामाच्या शब्दांतही हा भेद आहे. येळवसाला आंबील भरपूर प्यालेला माणूस दुपारी झाडाखाली आडवा होतो तेव्हा त्याला ‘सुस्ती’ आली म्हणतात. ‘नशा’ म्हणत नाहीत. दोन्ही शब्द फारसीतून आलेले, पण लोकांनी त्यांची वाटणी चुकवलेली नाही.

बिअर या व्यवस्थेत कोठेच बसत नाही. ती गाळावी लागत नाही, म्हणजे भट्टीवर चढत नाही. ती आंबते, पण चढते. शास्त्रीय मराठीने तिच्यासाठी ‘किण्वन’ हा शब्द घडवला, म्हणजे नग्नहूचा जुना सोबती कोशातून बाहेर काढला. मराठी विश्वकोशात तो स्थिर झालेला आहे. बोलीत तो उतरलेला नाही. परदेशात राहणारा मराठी माणूस आपल्या घरी बार्लीचे माल्ट भिजवून पहिली बिअर लावतो, आणि ती तयार करण्याच्या क्रियेला त्याच्याजवळ ‘बनवणे’ या सर्वसाधारण क्रियापदापलीकडे काही नसते. पण तीन दिवसांनी झाकणाखाली फेस दिसला की तो ‘लागली’ म्हणून जाईल, विरजणाविषयी बोलावे तसे.